पाय लागला

रॉकेलच्या रांगेत उभा असताना कोंडाजीचा पाय पुढच्या म्हातारीच्या पायाला लागला आणि त्याचा हात खाली गेला नाही. झालं ते एवढंच. लोणावळ्याच्या बाजारातली सकाळची वेळ, मागून कुणाची तरी हातगाडी घुसली, रांग दचकून पुढे सरली, आणि त्याचं पाऊल म्हातारीच्या टाचेला घासून टेकलं. असं झालं की माणूस काय करतो हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वाकतो, समोरच्याला बोटं लावतो, तीच बोटं छातीला नाहीतर कपाळाला लावतो, आणि तोंडाने बोलणं चालू असेल तर तेही तसंच चालू ठेवतो. हात आपला आपण जातो. कोंडाजीचा गेला नाही. उलट त्याचे दोन्ही हात वर आले, छातीच्या पुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या, आणि हनुवटी खाली झाली. म्हातारीने मान वळवून आधी त्याच्या मुठींकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "पाय लागल्याव नमस्कार करत न्हाईत व्हय तुमच्यात?" ती म्हणाली. रागाने नाही, खरोखरच विचारावं तसं. कोंडाजी ओशाळला, "चुकलं, मावशी," म्हणत वाकला, पण तोवर तिने पाय आत ओढून घेतला होता. "ऱ्हाऊ द्या आता. मागून घेतलेला नगं मला." रांगेतले दोघंतिघं हसले आणि रांग पुढे गेली.

डबा घेऊन तो रेल्वेच्या चाळीतल्या आपल्या खोलीकडे निघाला तेव्हा वाटेत त्याने उजवा हात दोनदा पाहिला. हाताला काही झालेलं नव्हतं. इंजिनशेडमधल्या फिटरचा हात होता, नखांत कायमचं तेल बसलेला, घट्टे पडलेला. हाच हात लहानपणी गावाकडे, आंबीला, सुपाला पाय लागला तरी सुपाला जाऊन यायचा. बैलाला लागला तर बैलाला, आणि बैल काही हिशेब ठेवत नव्हता तरी जायचा. एकदा भाताच्या खाचरात चिखल तुडवताना बापाच्या पावलावर पाऊल पडलं, तेव्हा कोंडाजीने त्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून बापाचा पाय शोधला होता, आणि मग छातीला चिखल लावून घेतला होता. बाप हसून म्हणाला होता, आरं, चिखलातला पाय लागत नस्तो. पण हाताला ते कुठे माहीत होतं? आता त्या हाताला काहीच माहीत नव्हतं. कोंडाजीला वाटलं, आपण घर सोडून आलो की कुलूप लावल्याचं आठवत नाही, तसं काहीतरी आपलं उघडंच राहून गेलंय, आणि ते कुठे राहिलं हे मात्र त्याला चांगलं ठाऊक होतं. इनसीनला.

इनसीन म्हणजे रंगूनजवळचं रेल्वेच्या कारखान्याचं गाव. लग्नाला दोन पावसाळे होतात न होतात तोच कोंडाजी तिकडे गेला, लोणावळ्याच्या शेडमधल्या एका मिस्त्रीच्या शब्दावर, त्याच्याच बरोबर. तिथे मद्रासकडचे होते, बंगालकडचे होते, पंजाबी होते. मराठी बोलणारा तो मिस्त्री एकटा, आणि तोही पहिल्याच वर्षी तापाने गेला. मग कोंडाजी मराठी बोलायचा ते आंघोळ करताना, पाण्याशी. एका पॅगोड्याच्या जत्रेत तो असाच गर्दीत हिंडत होता, आणि अचानक त्याच्या कानावर षड्डू पडला. मांडीवरचा नव्हे, दुमडलेल्या कोपराच्या बेचक्यात हाताचा तळवा मारून काढलेला, पण षड्डूच. गर्दी सारून पुढे गेला तर वाळूच्या हौद्यात दोन बर्मी जवान लुंग्या वर खोचून एकमेकांसमोर उभे, ढोल वाजतोय, सनईसारखं काहीतरी केकाटतंय. आता भिडतील, पट काढतील, असं तो धरून बसला होता. त्यांतल्या एकाने पाय उचलला, अंग एका चवड्यावर गर्रकन फिरवलं आणि नडगी दुसऱ्याच्या बरगडीत घातली. कोंडाजीच्या तोंडून "अरेरे" निघालं. आणि लाथ खाणारा जवान हसला. तो हसला म्हणूनच कोंडाजी तिथून हलला नाही.

लाथ घालणारा होता को मिंत, त्याच्याच कारखान्यातल्या लोहारशाळेत घण मारणारा. को म्हणजे आपला भाऊ; मिंतभाऊ म्हणावं तसं. त्या दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, मोडक्या हिंदुस्थानीत काम चालायचं, पण लाथ शिकवायला भाषा लागते किती? को मिंतने त्याला टाच उचलून उभं राहायला शिकवलं. पाय मारायचा नाही, कंबर मारायची, पाय तिच्या मागून येतो, हे शिकवलं. पाऊल लावायचं नाही, नडगी लावायची. फिरताना समोरच्याच्या छातीकडे बघायचं, पायाकडे बघणारा आपली लाथ आधीच सांगून टाकतो. बर्मी नावं कोंडाजीच्या जिभेवर टिकेनात, तेव्हा त्याने आपली नावं ठेवली. खालून मांडीवर कापत जाते ती विळा. कंबर बिजागरीसारखी फिरवून बरगडीत घालतात ती दार. आणि खालच्या मांडीकडे जातेय असं दाखवून मध्येच गुडघा वर उचलून मानेवर टाकायची ती गोफण. को मिंतलाही ती नावं आवडली. "गोफान," तो म्हणायचा, आणि घालायचा.

सगळं जमलं, हात जमेना. नडगी को मिंतच्या अंगाला लागली रे लागली की कोंडाजीचा हात खाली जाई, त्याच्या अंगाला लागे, आपल्या छातीला येई. एका क्षणाचं काम, पण त्या क्षणात उजवी बाजू सताड उघडी. को मिंत पहिल्यांदा गोंधळला, मग त्याला कळलं. त्यांच्यातही पाय म्हणजे हलकी वस्तूच. पाय कुणाकडे करून बसायचं नाही, ओलांडायचं नाही, सगळं आपल्यासारखं. पण तो म्हणाला, वाळूत उतरलं की पायाला पाय म्हणायचं नाही. आणि मग त्याने औषध सुरू केलं. कोंडाजीचा हात खाली गेला की को मिंतची नडगी त्याच्या जबड्यावर. रोज. राग नाही, शिवी नाही, चुकलेला घाव परत घालावा तसं. कोंडाजीचे दात हलले, कान महिनाभर गुणगुणत राहिला. आणि एका संध्याकाळी त्याने दार घातली, ती बसली, आणि त्याचे हात जागच्या जागी वरच राहिले. को मिंत थांबला. त्याने कोंडाजीला मिठी मारली आणि नेऊन चहा पाजला. त्या दिवशी कोंडाजी इतका खूश होता की खोलीवर परत जाताना एकटाच मोठ्याने बोलत गेला, मराठीत. आपल्यातून काही गेलं असं त्याच्या मनातही आलं नाही.

मग रंगूनवर बॉम्ब पडले. कारखाना ओस पडला, को मिंत आपल्या गावाकडे गेला की आणखी कुठे हे विचारायला कुणी उरलं नाही, आणि कोंडाजी हजारो माणसांबरोबर चालत निघाला. त्या वाटेबद्दल त्याने आल्यावर कुणाला फारसं सांगितलं नाही. डोंगरातली निसरडी पायवाट, पुढे माणसं, मागे माणसं, आणि वाटेवर बसलेली, निजलेली, न उठणारी माणसं. पाय लागायचेच. कुणाच्या हाताला, कुणाच्या केसांना. कोंडाजीचा हात कधीच खाली गेला नाही आणि त्याने तेव्हा मनातल्या मनात को मिंतचे उपकार मानले, कारण हात जात राहिला असता तर तो वाकतच राहिला असता आणि वाकलेला माणूस त्या वाटेवर उठत नव्हता. आता रॉकेलचा डबा कोपऱ्यात ठेवताना त्याला वाटलं, हात को मिंतने बंद केला की त्या वाटेने? दोघांपैकी कुणाचं देणं म्हणायचं हे? उत्तर मिळून तरी काय उपयोग होता म्हणा.

परत आला त्यालाही आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. आंबीला सगळा गाव बघायला लोटला होता. म्हैस व्याली की येतात तसे येऊन बघून गेले. बयाबाई, त्याची बायको, पदर सारखा करून दाराच्या आड उभी होती. तिने तांब्या भरून उंबऱ्याच्या आत ठेवला, त्याच्या हातात दिला नाही. सात वर्षांत पहिली दोन वर्षं सोडली तर त्याचं पत्र नव्हतं, तिने कुंकू लावायचं की नाही यावर गावात दोन मतं होती, आणि ती कुणाचंही न ऐकता लावत राहिली होती. हे तिचं केवढं मोठं काम, पण करून झाल्यावर ती थकून गेली असावी. त्याच्याशी ती पाव्हण्याशी बोलावं तशी बोलायची. लोणावळ्याला खोली मिळाल्यावर त्याने विचारलं, येतीस का? ती म्हणाली, म्हशीचं कोण बघंल? म्हशीचं बघायला घरात त्याचा भाऊ होता, भावजय होती. कोंडाजीने पुन्हा विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो गाडीने तळेगावला उतरून आंबीला चालत जायचा, जेवायचा, आणि परत यायचा. ताट वाढताना ती ते जमिनीवरून त्याच्याकडे सरकवायची.

लोणावळ्याच्या तालमीतही तो एकदा जाऊन आला होता. आल्या आल्याच, उमाळ्याने. नथूआबा तिथले वस्ताद, त्यांनी कौतुकाने विचारलं, बर्मात काय शिकलास दाव. त्याने एका पोराला, तोही चांगला दांडगा, समोर उभं केलं आणि अगदी हलक्या अंगाने दार घातली. पोरगं कोंडाजीकडे असं बघत राहिलं की जणू तो भर सभेत त्याच्या तोंडावर थुंकला होता. नथूआबा म्हणाले, "कोंडाजी, मान्साला लाथ? गुराला बी घालत न्हाई आमी. हनुमंताच्या म्होरं हितं पुन्हा पाय उचलू नगंस." तो गेला नाही पुन्हा. त्यानंतर चाळीच्या मागे एका सागाच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळून त्यावर तो एकटाच विळा, दार, गोफण घालत असे. पण बुंधा मागे सरत नाही, बुंधा फसत नाही. लाथेला समोर माणूस लागतो. ज्याला समोर माणूस नाही त्याला लाथ येते असं म्हणताच येत नाही, फार तर पूर्वी येत होती असं म्हणता येईल. कोंडाजीला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती याची. बयाबाईकडे त्याला घरधन्यासारखं बसता येत नव्हतं, शेडमध्ये तो रंगूनवाला होता, आणि हे एक जे त्याचं स्वतःचं होतं ते रोज थोडं थोडं सागाच्या बुंध्यात जिरत होतं.

रांगेतल्या त्या प्रकाराच्या दिवशीच संध्याकाळी दारात गफूर उभा राहिला. बाजारातल्या बेकरीत पीठ मळणारा, तिशीचा गडी, खांदे रुंद; तालमीत कोंडाजीने त्याला पाहिला होता. "कोंडाजीभाऊ," तो म्हणाला, "सकाळी रांगेत मी तुमच्या मागं व्हतो. म्हातारीला पाय लागला तवा तुमचं हात वर गेलं. ते मला शिकवा." कोंडाजीला वाटलं टिंगल करतोय. पण गफूर खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागला. लष्कराच्या लॉऱ्या घाटाकडे जाताना बेकरीपाशी थांबतात, हे कोंडाजीलाही माहीत होतं. एका गोऱ्या सोजिराला पाव हवे होते, पाव संपलेले, गफूर टोपली उचलायला वाकला आणि सोजिराने मागून कमरेत बूट घातला. "घातला तर घातला," गफूर म्हणाला. "त्येचं बी काय न्हाई. पर भाऊ, बूट लागला तसा माजाच हात गेला. त्येच्या बुटाला लावला आन माज्या छातीला लावला. मी! समद्या लॉरीतलं सोजीर हासलं. मला रातभर झोप न्हाई. लाथ त्येनं घातली आन माफी मी मागितली, ह्यो कसला हात म्हनायचा?" त्याचे डोळे भरून आले होते. कोंडाजीने त्याला पाणी दिलं. आणि एकीकडे त्याला गफूरची कणव येत असताना दुसरीकडे त्याच्या छातीत आनंद मावत नव्हता, कारण त्याच्यासमोर एक माणूस आला होता.

तुंगार्लीच्या तलावाच्या बांधाखाली गवताची एक सपाट जागा होती. थंडीत आसपासचे बंगले बंद, माळ्याखेरीज कुणी नाही. भट्टी निवली की गफूर तिकडे यायचा, शेडच्या भोंग्याआधी कोंडाजी. धुक्यात आधी एकमेकांचा आवाज यायचा, मग माणूस. कोंडाजीने त्याला टाच उचलायला लावली, चवड्यावर फिरायला लावलं. पैलवानाचं अंग, पाय जमिनीत रुतवून उभं राहायची खोड, फिरताना तो तोल जाऊन बसायचा आणि स्वतःच हसायचा. पण पीठ मळून मळून कमरेत जोर असा होता की दार लवकर बसली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा कोंडाजीच्या बरगडीत खरी बसली, त्या दिवशी कोंडाजीचा श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्याच क्षणी गफूरचा तळवा त्याच्या बरगडीवर होता. लागलेल्या जागेवर. उबदार, जाड, आंबलेल्या पिठाच्या वासाचा. "चुकलं, भाऊ," आणि तळवा गफूरच्या छातीला गेला. हेच तर घालवायचं होतं. कोंडाजी काहीतरी बोलणार होता. "पुन्हा घाल," एवढंच म्हणाला.

शेडकडे जाताना त्याला कळेना की आपल्याला एवढं बरं का वाटतंय. बरगडी ठणकत होती, इंजिनाखाली वाकताना कळ येत होती, आणि तो शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. विळा मांडीवर, तळवा मांडीवर. दार बरगडीत, तळवा बरगडीवर. गफूर दरवेळी वैतागायचा, "बघा भाऊ, ग्येलाच परत!" म्हणून आपल्याच हातावर चापट मारायचा, आणि कोंडाजी समजूत घालायचा की एवढ्यात काय, वेळ लागतो, मलाही लागला होता. औषध त्याला ठाऊक होतं. हात खाली गेला की जबड्यावर नडगी. को मिंतने दुसऱ्याच दिवशी ते सुरू केलं होतं. कोंडाजी मात्र म्हणायचा, आधी पाय पक्के होऊ देत. मग म्हणाला, आधी गोफण येऊ दे. थंडी सरली, गवत वाळलं, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुलं आली, आणि तो अजून आधीचंच काही ना काही शोधत होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांचा तोटा पडत नाही. आपल्याला कुणी शेवटचा हात लावला होता, असं एकदा इंजिनाखाली पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं. को मिंतची मिठी आठवली. त्यानंतर वाटेवर एका बाईने पाण्यासाठी त्याचा पाय धरला होता. त्यानंतर कुणी नाही. बांधाखालचा गफूरचा तळवा, तोही माफी मागायला आलेला. कोंडाजीला स्वतःची लाज वाटली आणि तो उगाच बोल्ट पिळत राहिला.

सुट्टीला तो आंबीला गेला तेव्हा आंघोळीला अंग उघडं केल्यावर बयाबाईने बरगडीवरचा काळानिळा डाग पाहिला. "ह्ये काय झालं?" तिने विचारलं. तो म्हणाला, इंजिनाखाली लागलं. ती आत गेली, हळद गरम करून वाटीत घेऊन आली. कोंडाजी दगडावर बसून राहिला, पाठ ताठ करून, श्वास धरून. वाटी त्याच्या शेजारी ठेवून ती म्हणाली, "हळद ठिवलीया. लावा." आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. त्याने हळद लावली. तिला हाक मारून "तूच लाव की" म्हणायला काय हरकत होती? पण वर्षानुवर्षं ज्या बाईला आपण पत्र घातलं नाही तिला हळद लाव म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ती वाटी तिने एवढ्या जवळ ठेवली होती हेच पुष्कळ होतं. जेवून तो नेहमीच्या गाडीने परत आला.

दुसऱ्या दिवशी बांधाखाली गफूर अंगरखाही न काढता उभा होता. "भाऊ, येक इच्यारू? तुमी मला मारत का न्हाई?" कोंडाजी म्हणाला, मारतो की. "तसं न्हवं. माजा हात खाली जातो तवा समदी बाजू मोकळी पडती. मला म्हाईत हाय, तुमाला बी म्हाईत हाय. तुमी त्येच बघत उभं ऱ्हाता. तुमाला मला बरं करायचंच न्हाई का काय?" सरळ माणसाने सरळ विचारलं की पळायला वाट राहत नाही. त्याला सांगता आलं असतं. गफूर, तुझा तो हात आहे ना, तो मला हवा आहे, तेवढ्यासाठी मी रोज मार खायला येतो. पण असं कुणी कुणाला सांगतं का? आणि गफूरला ज्या हाताने रात्ररात्र झोप नव्हती, तोच हात आपल्याला हवा म्हणून त्याच्या अंगावर ठेवून द्यायचा, हे कुठल्या वस्तादाला शोभलं असतं? "अंगरखा काढ," कोंडाजी म्हणाला.

गफूरने दार घातली. बसली. तळवा बरगडीवर आला, तो उबदार, जाड तळवा, आणि कोंडाजीने चवड्यावर फिरून नडगी त्याच्या जबड्यावर घातली. गफूर गवतावर आडवा झाला. त्याच्या ओठातून रक्त आलं. कोंडाजीचे हात छातीपुढे वरच होते. माणूस समोर पडलेला आणि हात खाली जात नव्हते, त्याने मनातून ढकलून पाहिले तरी जात नव्हते. गफूर उठून बसला, थुंकला, जबडा हलवून पाहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आसं!" तो म्हणाला. "आसं पायजे व्हतं." त्या दिवसापासून औषध रोज चालू झालं. कोंडाजी चुकवत नव्हता, हलकी घालत नव्हता. को मिंत आपल्याला मारताना असा मनातून रडत होता का, असा प्रश्न त्याला एकदा पडला. त्या माणसाचा चेहरा मात्र नेहमी शांतच असे. गफूरच्या बेकरीतले लोक त्याला विचारायचे, बायकूनं मारलं का रं? तो म्हणायचा, न्हाई, वस्तादानं. हात हळूहळू शिकत होता. आधी मध्येच थबकायला लागला. मग नुसता पंजा हलायचा. मग बोटं. कोंडाजी त्या बोटांकडे बघायचा.

करवंदं काळी व्हायला लागली तेव्हाची गोष्ट. उन्हं बांधावरून खाली उतरली होती, तलावावरून गार वारा येत होता. दोघं बराच वेळ खेळले. खेळले हाच शब्द बरोबर, कारण त्या सकाळी कोंडाजीला इनसीनच्या वाळूनंतर पहिल्यांदा समोर पुरा माणूस मिळाला होता. तो विळा दाखवायचा तर गफूर नडगी उचलून अडवायचा. तो दार घालायचा तर गफूर कोपराने ती वाटेतच मोडायचा आणि फिरून आपली घालायचा. दोघंही घामाने निथळत होते, दोघंही हसत होते. आपली विद्या मेली नाही, ती दुसऱ्या एका अंगात जिवंत आहे, हे कोंडाजीला स्वच्छ दिसत होतं आणि त्याला खरोखर आनंद झाला होता. इतक्यात गफूरने त्याच्या मांडीकडे पाय टाकला. कोंडाजी खाली अडवायला गेला, आणि पाय मध्येच वर उचलला गेला, कंबर फिरली, आणि गोफण त्याच्या मानेवर येऊन बसली. कानात एकदम भट्टी पेटली. गुडघे वाकले, पण तो पडला नाही. अशी गोफण को मिंतनेही कधी घातली नव्हती.

कोंडाजी उभा राहिला. मान जळत होती. त्याने दोन्ही हात खाली सोडले आणि मान किंचित कलती केली, लागलेली बाजू पुढे करून. हे त्याने ठरवून केलं नाही. समोर गफूर चवड्यांवर, मुठी वर, हनुवटी खाली, नजर त्याच्या छातीवर. त्याचा पंजा हलला नाही. बोटं हलली नाहीत. कोंडाजी थांबला. वारा आला, गवत सळसळलं. तो आणखी थोडा थांबला. आणि शिकवल्याबरहुकूम, मोकळी पडलेली बाजू पाहून, गफूरची नडगी त्याच जागेवर दुसऱ्यांदा आली.

डोळे उघडले तेव्हा तो गवतात बसलेला होता. गफूर दोन पावलांवर उभा, हात अजून वर, आणि चेहरा आनंदाने फुललेला. "ग्येला न्हाई, भाऊ! बघितलं का? दोन्ही बारी ग्येला न्हाई!" मग त्याच्या लक्षात काहीतरी आलं. "पर तुमी हात का सोडलं? मीच म्हन्लं, भाऊ पारख करत्यात जनू. कशापायी थांबला व्हता?"

कोंडाजीने मानेवर आपलाच हात ठेवला. तो गार होता, तेलकट होता. त्याने तो काढून घेतला, गवताला पुसला, आणि उठून उभा राहिला.

"वाट बघत व्हतो," तो म्हणाला.

"कशाची?"

"कशाची न्हाई," कोंडाजी म्हणाला, आणि दोन्ही हात खालीच ठेवून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "परत मार."